ओढता येईल, पण पेलवेल का?

अमेरिकेतील लोकांना भटकंतीची हौस मोठी. उन्हाळ्याची सुटी लागली की हजारो कुटुंबे घर सोबत घेऊनच प्रवासाला निघतात. सोबत घेऊन म्हणजे अक्षरशः. चाकांवर उभे केलेले एक छोटे घर असते. त्यात झोपण्याच्या जागा, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या असे सर्व काही असते. नसते ते फक्त इंजिन. या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. एअरस्ट्रीम कंपनीचे चकचकीत अॅल्युमिनियमचे, कोपरे गोल केलेले ट्रेलर १९३६ पासून रस्त्यावर आहेत आणि त्यांची चित्रे तुम्ही कोठे ना कोठे पाहिली असतील. हे घर ओढायला पुढे बहुधा पिकअप ट्रक जोडतात. पिकअप म्हणजे निम्मी मोटार आणि निम्मा टेम्पो: पुढे चार-पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा.

आता प्रश्न असा की कोणत्या पिकअपला किती मोठे घर जोडावे? प्रश्न दिसतो सोपा. पिकअपच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘ही गाडी इतके हजार पौंड ओढते.’ ट्रेलरच्या माहितीपत्रकात त्याचे वजन दिलेले असते. दुसरा आकडा पहिल्याहून लहान असला की झाले! पुष्कळ लोक असाच विचार करतात आणि डोंगरातल्या रस्त्यावर अडचणीत येतात. नववी-दहावीत शिकलेली तरफ, न्यूटनचे नियम आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एवढ्याच भांडवलावर हा हिशेब आपण नीट करून पाहू. आकडे मी किलोग्रॅममध्ये देत आहे. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, वजनाचे नव्हे, हे तुम्हाला वर्गात बजावून सांगितलेले असेल. ते खरेच आहे. तरी व्यवहारात आपण ‘दहा किलो वजन’ म्हणतो, तसे येथेही म्हणू. जेथे बल काढायचे असेल तेथे ९.८ ने गुणून न्यूटन करू.

जाहिरातीतला आकडा

हा आकडा येतो कोठून? पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने तो ठरवी, त्यामुळे दोन कंपन्यांच्या गाड्यांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजलेल्या उंचीची तुलना करण्यासारखे होते. २००८ साली अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या एस.ए.ई. या संस्थेने एक सामाईक कसोटी प्रसिद्ध केली. तिचे नाव जे-२८०७. टोयोटाने २०११ च्या गाड्यांपासून ती स्वीकारली, बाकीच्या मोठ्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत आल्या. या कसोटीतील सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे अॅरिझोना राज्यातील डेव्हिस धरणापासून वर जाणारा घाट. सुमारे १८ किलोमीटरांचा हा चढ, बाहेर ३८ अंश सेल्सिअस तापमान, गाडीतील वातानुकूलन पूर्ण चालू, आणि मागे ट्रेलर. एवढे असताना नेहमीच्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरांच्या खाली जाता कामा नये. याखेरीज उभ्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे, वळणे, थांबणे यांच्याही चाचण्या असतात.

कसोटी चांगली आहे, यात शंका नाही. पण तीत गाडीत कोण बसलेले असते ते पाहा: एक चालक आणि एक सोबती, प्रत्येकी ६८ किलो. मुले नाहीत, कुत्रा नाही, हौद्यात सायकली नाहीत, जळाऊ लाकडाच्या मोळ्या नाहीत. जाहिरातीतला आकडा हा अशा जवळजवळ रिकाम्या गाडीचा आकडा असतो. सहलीला मात्र कोणीही रिकाम्या गाडीने जात नाही.

आपल्या हिशेबासाठी एक गाडी कल्पू. आकडे मीच घेतले आहेत, पण मधल्या आकाराच्या नेहमीच्या अमेरिकन पिकअपच्या मापाचे आहेत. गाडीचे स्वतःचे वजन २,४५० कि.ग्रॅ. माणसे, सामान आणि वरून पडणारा प्रत्येक भार धरून तिचे वजन ३,१५० कि.ग्रॅ.च्या पुढे जाऊ नये, असे कारखान्याने ठरवले आहे. म्हणजे तिच्या पाठीवर घालता येणारे ओझे फक्त ७०० कि.ग्रॅ. गाडी आणि ट्रेलर मिळून ६,९०० कि.ग्रॅ.च्या पुढे जाऊ नये. आणि जाहिरातीतला आकडा? ४,२५० कि.ग्रॅ. ट्रेलरचे भरलेल्या स्थितीतील वजन ३,६०० कि.ग्रॅ. आहे. वरवर पाहता साडेसहाशे किलो हातचे राखून आहेत.

चढावर किती बळ लागते?

आधी ओढण्याचेच पाहू. गाडीत चार जणांचे कुटुंब, २८० कि.ग्रॅ. हौद्यातले सामान १२० कि.ग्रॅ. ट्रेलर जोडण्याचा लोखंडी सांगाडा ४० कि.ग्रॅ. एकूण ४४०. म्हणजे गाडी २,८९० आणि ट्रेलर ३,६००, मिळून ६,४९० कि.ग्रॅ.

ताशी ९० कि.मी., म्हणजे सेकंदाला २५ मीटर, या वेगाने ही जोडी ६ टक्के चढ चढते आहे असे समजा. ६ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ६ मीटर वर. चढामुळे मागे खेचणारे बल ६,४९० × ९.८ × ०.०६, म्हणजे सुमारे ३,८०० न्यूटन. टायर फिरताना दबतात, त्यामुळे वजनाच्या साधारण दीड टक्का विरोध होतो, तो सुमारे ९५० न्यूटन. तिसरा विरोध हवेचा. ट्रेलर म्हणजे रस्त्यावर धावणारी भिंतच. एवढ्या वेगाला हवेचा विरोध १,८०० न्यूटनांच्या आसपास येतो. बेरीज ६,५५० न्यूटन. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ६,५५० × २५ म्हणजे सुमारे १६४ किलोवॉट, जवळजवळ २२० अश्वशक्ती. ही चाकांपाशी लागणारी शक्ती झाली. गिअरांतील घर्षणाची भर घातली की इंजिनाला २५० च्या आसपास द्यावी लागते.

आजच्या पिकअपची इंजिने तीनशे-चारशे अश्वशक्तीची असतात, तेव्हा हे जमते. मात्र डोंगरात एक अडचण येते. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या पश्चिमेला, इंटरस्टेट ७० या महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा आहे. त्याचा पहिला मार्ग १९७३ साली आणि दुसरा १९७९ साली खुला झाला. हा बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच. इंजिन पेट्रोल जाळते ते हवेतल्या ऑक्सिजनच्या जोरावर, म्हणून साध्या इंजिनाची शक्तीही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. तीनशेचे दोनशेदहा होतात. (चिकित्सक विद्यार्थी म्हणेल की विरळ हवेचा विरोधही कमी होईल. बरोबर आहे. पण चढाचे ३,८०० न्यूटन काही कमी होत नाहीत.) हवा दाबून आत सोडणारा टर्बोचार्जर असेल तर घट पुष्कळ कमी होते.

मग काय होते? काही नाही, गाडीचा वेग कमी होतो. ताशी ६४ कि.मी.ला हीच जोडी चाकांपाशी १३५ अश्वशक्तीत चढते. हे ताडून पाहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, एवढे लक्षात ठेवा. सांगायचा मुद्दा असा की ओढण्यात कमी पडलेली गाडी संथ होते, उजव्या बाजूच्या मार्गिकेतून रखडत जाते, मागचे लोक वैतागतात. तेवढ्याने कोणाचा जीव जात नाही. खरी अडचण दुसरीकडे आहे आणि ती समजायला आपली बैलगाडी मदतीला येते.

उलाळ गाडी

बैलगाडीत ओझे मागच्या बाजूला जास्त झाले की शेतकरी म्हणतो, ‘गाडी उलाळ झाली.’ जू वर उचलले जाते, जुपणी बैलांच्या गळ्याला काचते. उलट ओझे फार पुढे आले तर जू बैलांच्या मानेवर दाबून बसते. जाणता गाडीवान पोती रचतानाच जू हाताने उचलून बघतो आणि थोडासा भार पुढे राहील असे पाहतो. यंत्रशास्त्राचे पुस्तक त्याने उघडलेले नसते, पण परिबलांचा नियम त्याला पाठ असतो.

ट्रेलरची गोष्ट तीच. त्याचा आस म्हणजे टेकू. (पुष्कळ ट्रेलरांना जवळजवळ दोन आस असतात. आपण त्यांच्या मध्यावर एकच आहे असे समजू.) पुढे एक दांडा असतो. पिकअपच्या मागे लोखंडी गोळा असतो आणि त्यावर दांड्याच्या टोकाची खोबण बसते. गोळ्यापासून आसापर्यंत अंतर ५ मीटर आहे असे समजा. ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या ६५ सेंटीमीटर पुढे असला, तर दांडा गोळ्यावर किती दाब देईल? आसाभोवती परिबले घ्या: ३,६०० × ०.६५ = दांड्याचा भार × ५. म्हणजे दांड्याचा भार ४६८ कि.ग्रॅ., ट्रेलरच्या वजनाच्या १३ टक्के. या प्रकारच्या ट्रेलरांना दांड्यावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा, असा तिकडचा सर्वमान्य नियम आहे. तो का, हे पुढे येईल.

प्रथम या ४६८ किलोंचे काय होते ते पाहू. हे वजन ट्रेलरचे असले तरी बसते पिकअपच्या पाठीवर. म्हणजे ते त्या ७०० किलोंत मोजायला हवे! कुटुंब, सामान आणि सांगाडा मिळून ४४० आधीच झाले आहेत. ४४० अधिक ४६८ म्हणजे ९०८. मर्यादा ७००. पिकअपवर २०८ कि.ग्रॅ. जादा ओझे आहे.

गंमत पाहा. ट्रेलर ३,६००, जाहिरातीतली मर्यादा ४,२५०: उत्तीर्ण. जोडीचे एकूण वजन ६,४९०, मर्यादा ६,९००: उत्तीर्ण. पाठीवरचे ओझे: साफ नापास. आणि परीक्षेत एका विषयात नापास म्हणजे नापासच. मग या कुटुंबाने किती वजनाचा ट्रेलर घ्यावा? पाठीवर शिल्लक राहतात ७०० − ४४० = २६० कि.ग्रॅ. हे १३ टक्के असतील असा ट्रेलर २६० ÷ ०.१३, म्हणजे २,००० कि.ग्रॅ.चा. जाहिरात म्हणते सव्वाचार टन आणि हिशेब म्हणतो दोन टन. निम्म्याहूनही कमी.

हा हिशेब करायला लागणारा आकडा लपवलेला नसतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून या गाडीत जास्तीत जास्त किती वजन घालावे, हे तीवर किलोग्रॅम आणि पौंड या दोन्हींत छापलेले असते. जाहिरातीतला आकडा त्या जातीच्या गाड्यांतल्या सर्वांत सोयीच्या गाडीचा असू शकतो. चिठ्ठीवरचा आकडा मात्र त्या एका गाडीचाच असतो. माझ्या मते गाडी घ्यायला जाणाऱ्याने विक्रेत्याशी बोलण्याआधी दार उघडून ही चिठ्ठी वाचावी.

जादा ओझ्याने नेमके काय बिघडते? गोळा पिकअपच्या मागच्या आसाच्याही मागे असतो, सुमारे दीड मीटर. दोन आसांमधले अंतर ३.६ मीटर धरू. आता मागचा आस हा टेकू झाला. गोळ्यावर ४६८ कि.ग्रॅ. दाबले की पुढचा आस ४६८ × १.५ ÷ ३.६, म्हणजे १९५ कि.ग्रॅ.नी हलका होतो आणि मागच्या आसावर ४६८ अधिक १९५, म्हणजे ६६३ कि.ग्रॅ. चढतात. टायर मागचे तापतात आणि सुकाणू पुढच्या चाकांचे बिघडते. कारण चाक रस्त्याला किती धरून ठेवते ते त्यावरील दाबावर अवलंबून असते. गाडीचे नाक वर होते, रात्री दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

यावर एक उपाय निघालेला आहे. जोडणीपाशी दोन मजबूत पोलादी पट्ट्या बसवतात आणि त्या ताणून ट्रेलरच्या दांड्याला अडकवतात. मातीच्या एकचाकी ढकलगाडीच्या मुठी उचलल्या की भार पुढच्या चाकावर जातो, तसेच या पट्ट्या गोळ्यापाशी पीळ देऊन थोडा भार पुढच्या आसावर आणि थोडा ट्रेलरच्या आसावर परत पाठवतात. उपाय उत्तम आहे. पण त्यामुळे गाडीची ७०० किलोंची मर्यादा वाढत नाही. वजन वाटले जाते, नाहीसे होत नाही.

मग दांड्याचा भार कमीच केला तर?

हुशार विद्यार्थ्याला हे लगेच सुचेल. सामान ट्रेलरमध्ये मागे सरकवले की दांडा हलका झाला, पिकअप सुटली! करून पाहू. रिकामा ट्रेलर २,९०० कि.ग्रॅ.चा, दांड्यावर १२ टक्के म्हणजे ३४८ कि.ग्रॅ. आसाच्या दीड मीटर मागे १५० लिटरांची पाण्याची टाकी भरली: दांडा १५० × १.५ ÷ ५ = ४५ कि.ग्रॅ.नी हलका. अगदी मागे, आसापासून ३ मीटरांवर, ६० कि.ग्रॅ.च्या सायकली टांगल्या: आणखी ३६ कि.ग्रॅ.नी हलका. राहिले २६७. ट्रेलर आता ३,११० कि.ग्रॅ.चा आहे, म्हणजे भार ८.६ टक्के. टाकी भरली, सायकली टांगल्या, एवढ्या निरागस गोष्टींनी आपण १० टक्क्यांच्या खाली आलो.

त्याने काय होते? महामार्गावर शेजारून मोठा ट्रक झपकन पुढे जातो. त्याच्या हवेच्या धक्क्याने ट्रेलरची शेपूट जराशी बाजूला ढकलली जाते. ट्रेलर गोळ्याभोवती वळू शकतो, म्हणून तो आडव्या लंबकासारखा डुलू लागतो. एक-दोन सेकंदांत एक हेलकावा. योग्य रीतीने भरलेला ट्रेलर दोन-तीन हेलकाव्यांत शांत होतो, कारण टायर हे अवमंदक आहेत. शेपूट बाजूला जाताना टायर रस्त्यावर किंचित तिरके घासतात आणि तिला परत ओढतात.

येथे वेगाचा एक कावा आहे. टायरचा हा विरोध तिरकेपणाच्या कोनावर अवलंबून असतो, आणि कोन ठरतो बाजूच्या वेगाला पुढच्या वेगाने भागून. शेपूट त्याच गतीने डुलत असेल आणि गाडीचा वेग दुप्पट असेल, तर कोन निम्मा, म्हणून डुलणे थांबवणारा विरोधही निम्मा. वेग वाढत गेला की एक वेळ अशी येते की हेलकावे शमण्याऐवजी वाढू लागतात. त्या वेगाला आपण संकटवेग म्हणू. गुरुत्वमध्य पुढे असला तर संकटवेग नेहमीच्या वेगापेक्षा बराच वर राहतो. गुरुत्वमध्य मागे सरकला की तो खाली येतो, आणि मग ताशी ९० कि.मी.ला जो धक्का पचला असता तोच १०५ ला ट्रेलर उलथवतो. जड शेपूट पिकअपच्या मागच्या भागाला डावी-उजवीकडे हिसके देते, आणि शेवटी दोन्ही वाहने कात्रीसारखी मिटतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ कि.मी.ची वेगळी मर्यादा आहे, तिच्यामागे हे पदार्थविज्ञान आहे.

आणखी एक बारकावा. दोन्ही टोकांना जड सामान ठेवून दांड्याचा भार बरोबर १३ टक्के आणता येतो, तरीही तो ट्रेलर वाईटच भरलेला असतो. व्यायामाचा डंबेल मधोमध धरून मनगटाने फिरवून पाहा: टोकांकडचे वस्तुमान एकदा फिरू लागले की थांबवायला जड जाते. जड वस्तू आसाच्या जवळ आणि किंचित पुढे ठेवाव्यात. म्हणजे भारही बरोबर राहतो आणि डुलणेही लवकर थांबते.

ट्रेलर डुलू लागलाच तर चालकाचा पहिला आवेग असतो जोरात ब्रेक दाबण्याचा. तो घातक ठरतो. पिकअप मंदावते, पण मागचे साडेतीन टन जडत्वामुळे पुढे येऊ पाहतात, आणि ते तिरके ढकलतात. त्याऐवजी सुकाणू सरळ धरावे, अॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढावा, आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. अमेरिकन पिकअपमध्ये चालकाच्या हाताशी त्यासाठी वेगळी कळ असते. दोरीने ओढलेल्या खेळण्याला मागून किंचित धरले की दोरी ताणून सरळ होते, तसा ट्रेलर मागे ओढला गेला की पिकअपच्या रेषेत येतो.

थांबणे आणि उतरणे

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ते का, तेही पाहू. पिकअपचे ब्रेक पिकअपच्या कमाल वजनाचा विचार करून बनवलेले असतात. समजा आपल्या २,८९० कि.ग्रॅ.च्या गाडीला ते सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतके मंदन देतात. ताशी ९० कि.मी.वरून ती २५² ÷ (२ × ७), म्हणजे सुमारे ४५ मीटरांत थांबेल. आता ब्रेक नसलेला ३,६०० कि.ग्रॅ.चा ट्रेलर जोडा. बल तेवढेच, २०,२३० न्यूटन, पण वस्तुमान ६,४९०. मंदन उरले ३.१, आणि थांबायचे अंतर झाले १०० मीटर. चालकाला सुचून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेलेच नाही. म्हणून तिकडच्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढील, म्हणजे सुमारे १,३६० कि.ग्रॅ.पुढील ट्रेलरला ब्रेक असणे कायद्याने सक्तीचे आहे. बहुतेकांना विजेवर चालणारे ब्रेक असतात. दांडा निसटलाच तर एक तार ओढली जाऊन ते आपोआप लागतात, आणि दांड्याखाली फुलीसारख्या बांधलेल्या दोन साखळ्या त्याला जमिनीवर आपटू देत नाहीत. आपल्याकडे उसाच्या हंगामात ब्रेक नसलेल्या ट्रॉल्या एकामागे एक जोडलेले ट्रॅक्टर सर्रास दिसतात. वरचे गणित त्यांनाही लागू आहे. ट्रॅक्टरचा वेग कमी असतो, एवढाच काय तो आधार.

एकदम थांबणे ही एक परीक्षा. उतार ही त्याहून मोठी. आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडले की रस्ता सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत उतरतच जातो. उतार काही ठिकाणी ७ टक्क्यांचा, आणि एकूण उतरण ६०० मीटरांहून अधिक. ६०० मीटरच धरू. आपली जोडी गमावते ती स्थितिज ऊर्जा ६,४९० × ९.८ × ६००, म्हणजे सुमारे ३.८ कोटी ज्यूल. ताशी ९० कि.मी.ला तिची गतिज ऊर्जा असते सुमारे २० लाख ज्यूल. म्हणजे हा एक घाट उतरणे म्हणजे ९० च्या वेगावरून पूर्ण थांबणे, तेही अठरा-एकोणीस वेळा! एवढ्या उष्णतेत २० अंशांचे ११० लिटरांहून अधिक पाणी उकळीला येईल. हवा आणि टायर यांतला काही वाटा उचलतात, बाकीची ऊर्जा कोठेतरी जायलाच हवी. ती सर्व ब्रेकमध्ये गेली तर ब्रेकच्या चकत्या लालबुंद होतात, घर्षण कमी होते, ब्रेकचे तेल उकळून नळीत वाफेचे बुडबुडे होतात. आणि बुडबुडे दाबले जातात, म्हणून पाय खाली जातो पण ब्रेक लागत नाही.

म्हणून घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतात. मग चाके इंजिनाला फिरवतात, इंजिन हवा ओढण्यात-दाबण्यात ऊर्जा खर्च करते आणि उष्णता धुरांड्यातून व रेडिएटरमधून बाहेर जाते. ब्रेक अधूनमधून, थोडा वेळ पण ठामपणे लावायचे आणि सोडून थंड होऊ द्यायचे. बोगद्याच्या त्या उतारावर, ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठी रस्त्याच्या कडेला वर चढत जाणारे खडीचे फाटे बांधलेले आहेत. ऊर्जा पुन्हा उंचीत बदलायची आणि उरलेली खडीत जिरवायची. अभियंत्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम असा रस्त्यावर मांडला आहे.

घरी करून पाहा

दांड्याचा भार तिकडचे लोक ट्रकांच्या वजनकाट्यावर मोजतात, आणि काही जण घरीच, माणसांच्या वजनकाट्यावर. काटा १५० किलोपर्यंतचा आणि भार ३४८! यावर युक्ती अशी: एक भक्कम फळी घेऊन तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे, ३ फुटांवरचे, काट्यावर टेकवायचे. ट्रेलरचा दांडा विटेपासून १ फुटावर फळीवर ठेवायचा. काटा एक तृतीयांश भार दाखवतो. ३४८ असेल तर ११६. फळीचे वजन आधी पाहून वजा करायला विसरू नये.

तुम्हाला ट्रेलर मिळणार नाही, पण खोक्याला मध्यभागी एक आस, दोन चाके आणि पुढे पट्टीचा दांडा लावून तो करता येईल. दांड्याचे टोक स्वयंपाकघरातल्या काट्यावर टेकवा. खोक्यात अर्ध्या किलोचे वजन पुढच्या टोकापासून दोन-दोन सेंटीमीटर मागे सरकवत न्या आणि दर वेळी काट्याचे वाचन लिहा. आडव्या अक्षावर वजनाचे आसापासूनचे अंतर, उभ्या अक्षावर वाचन, असा आलेख काढा. रेषा सरळ येते का? तिच्या चढावरून दांड्याची लांबी काढता येते का ते पाहा, आणि पट्टीने मोजून पडताळा. रेषा शून्याला कोठे छेदते? वजन आसाच्या थोडे मागे गेल्यावरही काटा शून्याच्या वर राहत असेल, तर त्याचे कारण रिकाम्या खोक्यात आणि दांड्यात शोधा. वजन त्याच्याही मागे नेले की दांडा काट्यावरून उचलला जाईल. तो खाली धरून ठेवायला दोरा बांधा आणि दोऱ्यातला ताण मोजायची पद्धत तुम्हीच शोधून काढा.